दुसऱ्यांदा बाप्तिस्मा: विदर्भाच्या गावमंडळ्यांतील वादाची पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या गावांत घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभा आणि जुनी मिशनची चर्चे यांच्यात सध्या जो ताण आहे, त्याविषयी बोलताना लोक बहुधा आवाजापासून सुरुवात करतात. सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात, हात वर करतात, रडतात, अन्य भाषेत बोलतात, अशी एका बाजूची तक्रार. तुमच्या उपासनेत जीव उरला नाही, कागद वाचून आमेन म्हणता, अशी दुसऱ्या बाजूची. मला मात्र या भांडणाची गाठ पाण्यापाशी दिसते. लहानपणी ज्याच्या कपाळावर पाळकाने (चर्चच्या धर्मगुरूने) पाणी लावले, त्याला मोठेपणी नदीत उतरवून पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? या एका प्रश्नावरून घरे फुटली आहेत, लग्ने अडली आहेत. बाकीचे बरेचसे मतभेद याच प्रश्नाच्या मागे येऊन उभे राहतात.

जुना इतिहास थोडक्यात. स्कॉटलंडचे मिशन 1845 मध्ये नागपुरात आले आणि पुढे भंडारा, वर्ध्याकडे पसरले. तिथे लेकराला पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा आणि जाणत्या वयात त्याचे दृढीकरण करायचे, म्हणजे त्याने आपला विश्वास स्वतः कबूल करायचा, ही रीत. वऱ्हाडात 1880च्या दशकापासून अमेरिकन मिशनरी आले. त्यांतले पहिले बाळाचे फक्त समर्पण करत आणि स्वतः विश्वास कबूल केलेल्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत. मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूंसाठी वेगळे मिशन, यवतमाळकडे वेगळे, बुलढाणा-वाशीमकडे आणखी वेगळे. शेवटच्या दोघांचा भर पवित्रीकरणावर, म्हणजे तारणानंतर येणाऱ्या दुसऱ्या अनुभवावर. एकमेकांच्या हद्दीत शिरायचे नाही, असे या मिशनांनी आपसांत ठरवले होते. त्यामुळे कोणता माणूस कोणते मत धरणार, हे तो कोणत्या तालुक्यात जन्मला यावरून ठरे. बायबल उघडून निवड करण्याची वेळ कुणावर आलीच नाही. वाद पेटला तो सोयरिकी तालुक्याबाहेर जाऊ लागल्या तेव्हा. आमच्याच नात्यात नवऱ्या मुलाच्या मंडळीने, म्हणजे त्याच्या गावच्या चर्चने, मुलीचा बाळपणीचा बाप्तिस्मा मान्य केला नाही आणि लग्नाची तारीख दोनदा पुढे गेली.

बरे होण्यासाठीची प्रार्थना ही नव्या लोकांनी आणलेली गोष्ट आहे, असे जुन्या चर्चमधले अनेक जण सांगतात. तसे नाही. वऱ्हाडात आलेल्या पहिल्या अमेरिकनांच्या शिकवणीत ख्रिस्त चार रूपांत सांगितला जाई: तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. याकोबाच्या पत्रातला 5:14चा आधार घेऊन मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करणे ही त्यांच्याकडची नेहमीची गोष्ट होती. पुढे मिशनचे दवाखाने वाढले, औषध डॉक्टरकडे गेले आणि तेलाची बाटली कपाटात राहिली. सर्वांनी एकदम आवाज चढवून केलेली प्रार्थनाही मराठी ख्रिस्ती लोकांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्येच ऐकली होती. आजची पिढी जिला परकी म्हणते, ती प्रार्थना आपल्याच पणजीच्या काळची आहे.

आता 1970कडे येऊ. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चप्रवाह एकत्र आले आणि उत्तर भारतासाठी एक चर्च उभे राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अगदी दाराशी येऊन, मेथडिस्टांच्या एका मोठ्या प्रवाहाने अंग काढून घेतले. या दिवसाबद्दल जे लिहिले-बोलले जाते ते बिशप कोण आणि मालमत्ता कुणाची याभोवती फिरते. गावाच्या दृष्टीने खरा निर्णय बाप्तिस्म्याचा होता. एकत्र येणाऱ्यांत लेकरांना बाप्तिस्मा देणारे होते, तसेच तो अजिबात न मानणारे बाप्टिस्टही होते. कित्येक वर्षांच्या बोलण्यांनंतर ठरले ते असे: दोन्ही वाटा खऱ्या. आईबापांनी बाळाला बाप्तिस्मा द्यावा आणि मुलाने मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास कबूल करावा. किंवा बाळासाठी आभार मानून त्याला देवाला समर्पित करावे आणि मोठेपणी बाप्तिस्मा घ्यावा. कुठल्याही वाटेने आलेला सभासद पुरा सभासद. बाळाचा बाप्तिस्मा ज्या पाळकाच्या मनाला पटत नाही, त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे.

कागदावर हे नीट बसते. अडचण होती तिसऱ्या माणसाची. बाळपणी ज्याच्यावर पाणी शिंपडले, तो पंचविसाव्या वर्षी येऊन म्हणतो, तेव्हा मला काही कळत नव्हते, मला आता माझ्या विश्वासाने पाण्यात उतरायचे आहे. त्याला काय सांगायचे? बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही, हे तत्त्व सगळ्यांनी मान्य केले होते. इफिसकरांस पत्रात ‘एकच बाप्तिस्मा’ असे स्पष्ट म्हटले आहे. पण बाप्टिस्टांच्या दृष्टीने त्या माणसाचा पहिला बाप्तिस्मा झालेलाच नव्हता, मग दुसरा कुठला? यावर सर्वांना बांधणारे एक उत्तर निघाले नाही. अशा माणसाला पाळकाने समजून घ्यावे, समजूत घालावी आणि प्रकरण बिशपसमोर न्यावे, इथवर गोष्ट थांबली. मला हा निर्णय त्या वेळी योग्य वाटतो, आजही वाटतो, कारण त्याशिवाय एकी झालीच नसती. मात्र त्याचा भार गावच्या पाळकाच्या खांद्यावर आला. खेड्यातला तरुण नागपूरच्या बिशपकडे पत्र पाठवून वाट पाहत बसत नाही. तो शेजारच्या गावातल्या घरसभेत जातो आणि तिथे पुढच्याच रविवारी त्याला पैनगंगेत उतरवतात.

शिवाय ही तडजोड अर्ध्या विदर्भाची नव्हतीच. नागपूर, भंडारा, वर्ध्याकडच्या जुन्या मंडळ्या एकीत गेल्या. वऱ्हाडातल्या बहुतेक बाहेर राहिल्या. म्हणून वर्धा नदीच्या एका काठावर ज्या प्रश्नाला ‘दोन्ही चालते’ असे उत्तर होते, त्यालाच दुसऱ्या काठावर बहुधा ‘एकच चालते’ असे होते.

पाण्यावाचूनही शिष्य होता येते का, हा प्रश्न आपल्याकडे याहून जुना आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत ज्याच्या हाती नवा करार पडला, त्या कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांत ते गेले. त्यांचे अभंग आजही पेटी-तबल्यावर प्रत्येक चर्चमध्ये म्हटले जातात. दरबाराचे नाव फारसे कुणी काढत नाही.

मंडळीच्या वाढीच्या पद्धतींवरचा वादही याच मातीतला आहे. जगभर जी ‘चर्च वाढ’ शिकवली जाते, तिचा जनक डोनाल्ड मॅकगॅव्हरन 1897 मध्ये दमोहला जन्मला आणि त्याने मध्य प्रांतातच मिशनचे काम केले. 1955च्या पुस्तकात त्याने मांडले की माणूस एकेकटा येत नाही, नात्यागोत्यासह येतो. जातीची, भाषेची भिंत ओलांडायला न लावता त्याला ख्रिस्ताकडे येऊ द्यावे. याच्या जोरावर कुणी महारवाड्याची मंडळी वेगळी, मांगवाड्याची वेगळी, कोलामपोडाची (कोलाम आदिवासींच्या वस्तीची) वेगळी असे धरून चालले. मला हे कधीच पटले नाही. गलतीकरांस पत्रात 3:28 (ख्रिस्तात सगळे एकच) लिहिलेले असताना मंडळीने जातीच्या कुंपणाआडून वाढावे, हे कुठल्या आकड्याने भरून निघणार?

आणि त्या सिद्धांतात वर्णिलेली समूहाची हालचाल विदर्भाने पाहिली ती वेगळ्याच ठिकाणी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसे बुद्धाकडे गेली, वस्त्याच्या वस्त्या गेल्या. 1935च्या येवल्याच्या घोषणेनंतर मिशनऱ्यांनी ज्या समाजाकडे डोळे लावले होते, त्याने आपली वाट आपण निवडली. त्याच वर्षी, नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या चौकशी समितीचा मिशनांवरचा अहवाल बाहेर आला. पैसा, दवाखाना, शाळा यांच्या आधाराने धर्मांतरे होतात असे त्याने म्हटले आणि परदेशी मिशनऱ्यांना आवर घालण्याची शिफारस केली. तेव्हापासून गावात बाप्तिस्मा ही चार लोकांत सांगायची गोष्ट राहिली नाही.

त्यात 1950चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीच्या माणसाने ख्रिस्ती धर्म नोंदवला की अनुसूचित जातीची सवलत जाते. शिखांना ती 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाली, ख्रिस्ती लोकांना नाही. अनुसूचित जमातींना हा नियम लागू नाही, म्हणून मेळघाटातल्या कोरकूची गोष्ट वेगळी आणि सपाटीवरच्या शेतमजुराची वेगळी. सपाटीवर ‘मी विश्वासी आहे, ख्रिस्ती नाही’ असे म्हणणारी माणसे आहेत ती यामुळे. घरसभांनी त्यांना जवळ केले, त्यांच्या गुराढोरांसाठी आणि कर्जासाठीही प्रार्थना केली. जुन्या चर्चने त्यांच्याकडे सभासदांच्या वहीतले नाव मागितले. इथे चूक जुन्या चर्चची, हे मला कबूल केले पाहिजे.

मात्र त्याच घरसभांनी जुन्या चर्चच्या लेकरांना पुन्हा पाण्यात उतरवायला सुरुवात केली, तिथे माझे मन थांबते. ते नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 19वा अध्याय दाखवतात: योहानाचा बाप्तिस्मा घेतलेल्या इफिसच्या शिष्यांना पुन्हा बाप्तिस्मा झाला. जुने लोक 16वा अध्याय दाखवतात: तुरुंगाच्या नायकाने आपल्या सगळ्या माणसांसह बाप्तिस्मा घेतला, त्यात लेकरे नसतील कशावरून? इफिसचे शिष्य ख्रिस्ताच्या नावाने कधी बाप्तिस्मा पावले नव्हते. आपली लेकरे पावलेली आहेत. हा फरक सभेत कुणी ऐकून घेत नाही. पुन्हा बाप्तिस्मा घेतलेला मुलगा घरी येऊन आईला विचारतो, मग तुझे पहिले पाणी खोटे होते का?

हिशेब शेवटी कब्रस्तानाच्या फाटकाशी होतो. मिशनच्या कब्रस्तानात जागा मिळते ती मंडळीच्या वहीत नाव असेल तर. नदीत दुसऱ्यांदा उतरलेल्याचे नाव कधी वहीतून काढलेले असते, कधी त्याने स्वतःच काढून घेतलेले असते. आणि घरसभेकडे जमिनीचा तुकडाही नसतो. मग मयत अंगणात ठेवून दोन पाळक वहीची पाने उलटत असतात.