डीडी फ्री डिश सेटटॉप बॉक्स : घरगुती वापर

प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ या उपग्रह सेवेवरील दूरचित्रवाणी व आकाशवाणीच्या वाहिन्या मासिक शुल्क न भरता पाहण्या-ऐकण्यासाठी घरात जो स्वस्त अंकीय बॉक्स बसवला जातो, त्याला सर्वसाधारणपणे ‘फ्री डिशचा सेटटॉप बॉक्स’ म्हणतात. छत्री (डिश अँटेना), एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी बसणारा, संकेत टिपणारा भाग), केबल आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण 2,000 रुपये खर्च येतो. त्यानंतर रिचार्ज नसतो, कार्ड नसते आणि ग्राहक क्रमांकही नसतो.

ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने 33 वाहिन्यांसह सुरू झाली. सुरुवातीला ती फारशी कुणाच्या गणतीत नव्हती. पुढे केबलचे अंकीकरण झाले आणि 2012 च्या अखेरीस मुंबईत, त्यानंतर पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत केबलच्या जोडणीलाही बॉक्स अनिवार्य झाला. फेब्रुवारी 2019 पासून नवी दरप्रणाली लागू झाली, तेव्हा केबल किंवा खासगी डीटीएच घेणाऱ्याला पहिल्या 100 वाहिन्यांसाठी नुसते जोडणी शुल्कच 130 रुपये व त्यावर कर असे द्यावे लागू लागले, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याहून वेगळे होते. दरम्यान दूरदर्शनची जमिनीवरील अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि 2022 पर्यंत मोजकी अपवादात्मक केंद्रे सोडता ती जवळजवळ संपली. गच्चीवरच्या जुन्या अँटेनाने दूरदर्शन पाहणाऱ्या घराला त्यामुळे फ्री डिशखेरीज विनाशुल्क पर्याय फारसा उरला नाही. आज देशातील 4 कोटींहून अधिक घरांत ही सेवा असल्याचा उद्योगक्षेत्राचा अंदाज आहे. दुर्गम, आदिवासी आणि सीमावर्ती भागांतील कुटुंबांना 8 लाखांहून अधिक बॉक्स मोफत देण्याची तरतूदही केंद्र सरकारने 2023 च्या आरंभी मंजूर केलेल्या प्रसारण विकास योजनेत केली आहे.

बॉक्स घेताना दुकानदार दोन प्रकार पुढे करतो : एमपेग-2 आणि एमपेग-4, म्हणजे चित्र-ध्वनी संकेतबद्ध करण्याची अनुक्रमे जुनी आणि नवी पद्धत. किमतीतला फरक थोडा असला तरी उपयोगातला फरक मोठा आहे. एमपेग-2 बॉक्सवर फक्त जुन्या पद्धतीने संकेतबद्ध केलेल्या वाहिन्या लागतात. नव्या पद्धतीच्या वाहिन्या एकतर यादीत येतच नाहीत किंवा पडदा काळा राहून नुसता आवाज ऐकू येतो. एमपेग-4 बॉक्स दोन्ही प्रकार दाखवतो आणि दूरदर्शनच्या एचडी वाहिन्याही त्यावरच दिसतात. म्हणून आज नवीन बॉक्स घेणाऱ्याने एमपेग-4 च घ्यावा. एमपेग-2 घेऊन वाचवलेले थोडे पैसे पुढे अंगावर येतात. घरात जुना पिक्चर ट्यूबचा संच असेल, तर बॉक्सला एचडीएमआयबरोबर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा आहे ना, हेही पाहून घ्यावे लागते.

खरे कौशल्य लागते ते छत्री बसवताना. वाहिन्या जीसॅट-15 या उपग्रहावरून येतात आणि तो विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर स्थिर भासतो. पुण्याहून तो जवळपास नेमक्या आग्नेयेला, क्षितिजापासून 59 अंशांच्या आसपास उंच येतो. नागपूरहून तो थोडा दक्षिणेकडे सरकतो आणि 60 अंशांवर असतो. इतक्या उंचीमुळे गावठाणातल्या दाट वस्तीतही काम भागते, कारण छत्रीपासून 10 फुटांवरची भिंत छत्रीपेक्षा 15 फूट उंच असली तरी ती आड येत नाही. बाजारात मिळणारी लहान छत्री ऑफसेट घडणीची, म्हणजे लहरी तिरक्या परावर्तित करणारी, असल्याने तिचा चेहरा दिसताना उपग्रहाच्या बराच खाली रोखलेला वाटतो. नवखा माणूस ती आभाळाकडे उताणी करतो आणि सिग्नल हरवून बसतो. आधी दांडा ओळंब्यात उभा करावा, मग बॉक्सच्या मेनूत एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’, म्हणजे 9750/10600, ठेवून सिग्नलची पट्टी पडद्यावर आणावी आणि छत्री बोटभर हलवून क्षणभर थांबावे, कारण बॉक्सला संकेत पकडायला थोडा वेळ लागतो. पट्टी सर्वांत वर गेल्यावर एलएनबी स्वतःभोवती किंचित फिरवून गुणवत्ता आणखी वाढते का ते पाहावे आणि त्यानंतरच नट आवळावेत. डिश टीव्हीचा उपग्रह 95 अंशांवर असल्याने त्या कंपनीची पडून असलेली छत्री अगदी थोडी फिरवून वापरता येते, आणि अनेक घरांत तसे केलेही जाते.

उपग्रहापासून छत्रीपर्यंतची वाट मोकळी आहे की नाही हे तपासण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य महाराष्ट्रातून पाहता या उपग्रहाच्या रेषेत येतो. त्या दिवसांत काही मिनिटे चित्र तुटते. तो बिघाड नसतो. त्याच वेळी छत्रीवर आंब्याची किंवा शेजारच्या घराची सावली पडत असेल, तर वर्षभर अडथळा येणार हे नक्की समजावे.

पावसाळ्यात केयू बँडच्या, म्हणजे ही सेवा ज्या उच्च वारंवारतेवर चालते त्या पट्ट्यातील, लहरी जोरदार सरींत क्षीण होतात. कोकणात हे वारंवार घडते आणि सर ओसरली की चित्र परत येते. पाऊस थांबूनही ‘नो सिग्नल’ जात नसेल, तर बहुतेक वेळा दोष बॉक्समध्ये नसून केबलच्या जोडात असतो. एलएनबीच्या तोंडाशी पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडते. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला, तर पाणी तिथूनच गळून जाते. विजा चमकू लागल्या की बॉक्सचा प्लग व केबल दोन्ही काढणे श्रेयस्कर.

घरच्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ते वाहिन्यांचे येणे-जाणे. खासगी वाहिन्यांसाठीच्या जागा प्रसार भारती ई-लिलावाने देते आणि हे वार्षिक करार साधारणतः 1 एप्रिलला बदलतात. 2019 व 2022 मध्ये मोठ्या प्रसारण कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या, तेव्हा अनेकांना बॉक्स बिघडला असे वाटले होते. अशा वेळी मेनूत जाऊन पुन्हा ‘चॅनल सर्च’ करणे हाच पहिला उपाय आहे. घरातल्या एका तरी माणसाला तो रिमोटवरून करता यायला हवा, कारण या सेवेत तक्रार घेऊन येणारा केबलवाला नाही. मराठीत डीडी सह्याद्री कायम असते. ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या खासगी वाहिन्याही लिलावाच्या मार्गाने या सेवेवर आल्या आहेत.

क्रिकेटबाबत या बॉक्सचे स्थान वेगळे आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे 2007 च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील व डीटीएच जाळ्यापुरतेच राहील, केबलवर जाणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये ठरवले. त्यामुळे एखादा सामना फ्री डिशवर दिसत असताना दरमहा पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला केबलवरच्या दूरदर्शन वाहिनीवर तो दिसत नाही, असे घडते.