बुटीक हॉटेलातील जोडप्याचा मुक्काम (बेळगाव सीमाभाग)

मोजक्या खोल्यांच्या, स्वतःची वेगळी ओळख असलेल्या देखण्या हॉटेलात जोडप्याने एक-दोन रात्री राहायचे आणि उरलेल्या वेळात शहर निवांत पाहायचे, अशी ही सुट्टीची पद्धत आहे. तिच्यात कुलदैवताचे दर्शन नसते, मामाच्या घरचे जेवण नसते, लग्नकार्यही नसते. मुक्काम हेच प्रवासाचे कारण असते. बेळगाव आणि त्याला जोडून असलेल्या खानापूर, निपाणी, संकेश्वर या मराठी वस्तीच्या पट्ट्यात ही पद्धत अलीकडची आहे. पूर्वी लग्नानंतरची पहिली बाहेरगावची फेरी जोतिबाला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला व्हायची आणि जीपमध्ये नव्या जोडप्याबरोबर निम्मे घर असायचे.

बुटीक हॉटेलाचा उगम सहसा लंडन आणि अमेरिकेत दाखवला जातो. लंडनचे ‘ब्लेक्स’ १९७८ मध्ये सुरू झाले आणि सॅन फ्रान्सिस्कोत बिल किंप्टन यांनी १९८१ मध्ये ‘बेडफर्ड’ उघडले. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर यांचे ‘मॉर्गन्स’ आले आणि बुटीक हॉटेल हे नाव रूढ झाले. साखळी हॉटेलांत कुठल्याही शहरातली खोली सारखीच दिसते. हा सारखेपणा मोडणे, एवढाच सुरुवातीचा विचार होता. खोल्यांचा नेमका आकडा कुणी ठरवलेला नाही. साधारणपणे दहापासून शंभरापर्यंत धरतात. भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत एक ते पाच तारे आहेत आणि १९५० पूर्वीच्या इमारतींसाठी हेरिटेज हा वेगळा गट आहे, पण बुटीक नावाची श्रेणी नाही. त्यामुळे ही पाटी कुणीही लावू शकतो. बसस्टँडजवळच्या जुन्या लॉजला करडा रंग देऊन, दोन पिवळे दिवे टांगून त्याचे बुटीक हॉटेल झाल्याची उदाहरणे सीमाभागातही आहेत.

बेळगावला अशा मुक्कामासाठी काही गोष्टी आयत्या मिळाल्या. पहिली हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरचे, सह्याद्रीच्या पाठीशी बसलेले हे गाव एके काळी ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून ओळखले जाई. दुसरी गोष्ट अंतरांची. कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरांच्या आत, चोर्ला घाटाने पणजीही जवळपास तेवढीच, हुबळी-धारवाड त्याहून जवळ. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपून निघालेले जोडपे रात्रीच्या जेवणाला पोचते. तिसरी गोष्ट घरांची. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे छावणी वसली आणि कॅम्पात मोठ्या आवारांचे, खोल व्हरांड्यांचे, मंगळुरी कौलांचे बंगले उभे राहिले. गावठाणात आणि शहापुरात चौकाचे वाडे होतेच. उंच छत, जाड भिंती आणि झाडांनी भरलेले आवार मुंबईत पैसे मोजूनही मिळत नाही. इथे ते पडीक अवस्थेत पडून होते.

पण कॅम्पातला प्रत्येक बंगला हॉटेल होऊ शकत नाही. छावणीतली बरीचशी जमीन संरक्षण खात्याची आहे. बांधकामात बदल करायचा किंवा राहत्या बंगल्यात व्यवसाय काढायचा, तर छावणी मंडळाची परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. म्हणून देखण्या हॉटेलांची भर कॅम्पापेक्षा टिळकवाडीत, कॉलेज रोडच्या आसपास, महामार्गाकडेला आणि जांबोटी-खानापूरच्या शेतघरांत जास्त पडली. पुष्कळदा इमारत नवी असते आणि जुनेपणा विकत आणलेला असतो. राजस्थानी झरोका, केरळी दिवा, भिंतीवर बुद्धाचा मुखवटा. शहापूर-वडगावच्या विणकरांचे माग तीन-चार किलोमीटरांवर असताना पलंगावरचा पट्टा जयपूरचा का, आणि कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेले खानापूर शेजारी असताना फुलदाणी परराज्यातली का, हा प्रश्न मालकांना कुणी फारसा विचारत नाही. आपल्या गावाची ओळख आपल्या गावातूनच घेणारी हॉटेले अजून थोडी आहेत, आणि तीच पाहण्यासारखी आहेत.

या इमारतींची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. बेळगावचा पाऊस मुंबईसारखा कोसळून मोकळा होत नाही. तो बारीक, सलग लागून राहतो. जाड भिंतींत ओल मुरते, कपाटाच्या मागच्या बाजूला बुरशीचा हिरवट पट्टा चढतो, सागवानी दार फुगून चौकटीत अडकते. चादरी वाळत नाहीत. चार दिवस व्हरांड्यात टांगलेली चादर हाताला कोरडी लागते, पण नाकाला कळते. छतावरच्या सोलर बंबाला ऊन मिळत नाही म्हणून सकाळी आठनंतर उठलेल्या पाहुण्याला कोमट पाण्यावर भागवावे लागते. चांगला व्यवस्थापक जुलैत चादरी कपडे वाळवण्याच्या यंत्रातून काढतो, पाण्यासाठी विजेचा गीझर वेगळा ठेवतो आणि रिकाम्या खोल्यांचीही दारे-खिडक्या रोज तासभर उघडून ठेवायला लावतो. खोली पाहायला गेल्यावर चित्रांपेक्षा आधी उशीचा वास घ्यावा, असा जाणत्यांचा सल्ला आहे. आणि नेमका हाच मोसम जोडप्यांना हवा असतो, कारण धबधबे तेव्हाच वाहतात.

एकांताचा प्रश्न

सजावटीवर कितीही खर्च झाला तरी या मुक्कामाचा जीव एकांतात आहे, आणि सीमाभागात तोच सर्वांत महाग. गल्लीत, वाड्यात, एकत्र कुटुंबात वाढलेल्या जोडप्याला बंद दारामागचा सलग दिवस घरी क्वचितच मिळतो. हॉटेलात तो मिळेल, असे वाटते. पण गाव लहान आहे. वहीत नाव लिहितानाच समोरून विचारणा होते, “कुठनं आलासा? कुणाच्यातलं तुम्ही?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, आपुलकीच असते. पण उत्तर दिले की दोन पिढ्यांचे नाते जुळते, आणि संध्याकाळपर्यंत आत्याला फोन गेलेला असतो. लॉज या शब्दाला चिकटलेली कुजबुज हे बुटीक हॉटेलाच्या लोकप्रियतेचे एक न बोललेले कारण आहे. लॉजवर गेलेले जोडपे नजरेत येते, त्याच गावात चार पट भाडे देऊन राहिलेले जोडपे हौशी ठरते.

कायद्याने पाहिले तर सज्ञान स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहायला लग्नाचा दाखला लागत नाही. ओळखपत्र मात्र दोघांचेही मागितले जाते आणि ते दाखवावे लागते. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी, हे उत्तम. परदेशी पाहुणा असेल तर हॉटेलाला त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवावी लागते. कायद्यात नसलेला एक नियम मात्र अनेक ठिकाणी पाळला जातो : गावातल्याच पत्त्याचे ओळखपत्र चालत नाही. त्यामुळे बेळगावातल्याच अनगोळच्या नवरा-बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला टिळकवाडीत खोली मिळेलच असे नाही. खोली आरक्षित करतानाच फोनवर हे विचारून घेणे बरे. परिणाम असा की बेळगावची जोडपी कोल्हापूर-गोव्याला जातात, कोल्हापूरची बेळगावला येतात, आणि सीमेवरचे टोलनाके दोन्हीकडून चालतात.

भाड्यावरच्या कराचा हिशेब सोपा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी, त्यापुढे १८ टक्के. बेळगावातल्या बहुतेक खोल्या पहिल्या गटात बसतात, आणि हेही गावाच्या बाजूने बोलणारे कारण आहे.

केव्हा जाऊ नये

सुवर्ण विधानसौध ११ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात इथे भरते. त्या दिवसांत मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार आणि बंदोबस्ताचे पोलीस यांनी हॉटेले भरून जातात. बऱ्या खोल्या आधीच सरकारी यादीत गेलेल्या असतात. वर्षातली सर्वांत सुंदर थंडी आणि सर्वांत कमी खोल्या, असा तो महिना. १ नोव्हेंबर हा दिवसही टाळावा. त्या दिवशी एकीकडे कर्नाटकाच्या स्थापनादिनाची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा मराठी भाषकांचा काळा दिवस; रस्ते बंद, दुकाने अर्धी उघडी. गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तिथीप्रमाणे वैशाखात होणाऱ्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर. ढोल-ताशे आवडत असतील तर मिरवणुकीच्या वाटेवरचीच खोली घ्यावी. झोप हवी असेल तर गावाबाहेर राहावे. मधला मार्ग नाही.

दोन दिवसांचे गाव

शहर पाहण्यासारखे आहे, पण हिंडायला लागते थोडेच, आणि ते जोडप्याच्या पथ्यावर पडते. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या, म्हणजे जुन्या लसनिर्मिती केंद्राच्या आवारातल्या झाडीत फिरून यावे. तिथे चालणाऱ्यांमध्ये पेन्शनर जास्त असतात आणि ते कुणाकडे बघत नाहीत. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजांचा अधिकारी बिचिराज याच्या काळातली. मंडपाच्या छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ मान वर करून पाहायचे असते, आणि उजेड सरकला की त्याच्या पाकळ्यांच्या सावल्याही सरकतात. त्याच तटाच्या आत सफा मशीद आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. इतिहासाची एवढी गर्दी रोमँटिक सहलीत कशाला, असे कुणी म्हणेल. पण चारचौघांत हात हातात घेऊन निवांत चालता येईल अशा जागा या गावात मुख्यतः याच आहेत. संध्याकाळी येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर मावळतीचा वारा मिळतो, मात्र सुट्टीच्या दिवशी गर्दीही.

खाण्याच्या बाबतीत बुटीक हॉटेले सहसा चुकतात. न्याहारीच्या टेबलावर पाव, जॅम, कलिंगडाच्या फोडी. बेळगावचे म्हणावे असे काही नसते. कुंदा, म्हणजे दूध आणि साखर तपकिरी, रवाळ होईपर्यंत आटवून केलेली मिठाई, पाहुण्याला बाहेर जाऊनच खावी लागते. मांडे तर लग्नाच्या पंगतीचे पक्वान्न. उलट्या खापरावर भाजलेली, साखरेचे सारण भरलेली ही पातळ पोळी घडी घालून मिळते आणि प्रवासात मोडते. गोकाकचे करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, टिकाऊ, म्हणून परतीच्या पिशवीत तेच जास्त. ज्या हॉटेलात सकाळी गरम भाकरी, लोणी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा मागितला तर पुढे येतो, तिथे चादरी जयपूरच्या असल्या तरी माफ.

भाषेची अडचण येत नाही. पाटीवर वर मोठ्या अक्षरांत कन्नड, खाली इंग्रजी; कायद्यानुसार पाटीचा ६० टक्के भाग कन्नडसाठी राखावा लागतो. काउंटरवर मात्र मराठीत विचारले की मराठीत उत्तर मिळते, खोली साफ करायला येणारी बाई मराठीतच “चहा ठेवू काय ताई?” म्हणते, आणि स्वयंपाकघरातून कन्नड ऐकू येते. भांडण वर्तमानपत्रात असते. खोलीच्या दारापर्यंत ते सहसा येत नाही.

रविवारी दुपारी खोली सोडल्यावर दोन वाटा उरतात. ईशान्येला साठेक किलोमीटरांवर गोकाकचा धबधबा आहे. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली उडी घेते आणि जवळच जुना झुलता पूल आहे. पश्चिमेला जांबोटीमार्गे चोर्ला घाट. पावसाळ्यात घाटाचा रस्ता खचतो, दरड येते, अवजड वाहने अडकतात, तेव्हा निघण्यापूर्वी हॉटेलच्या वाहनचालकाला रस्त्याची स्थिती विचारावी. ऑनलाइन नकाशा तिथे हमखास उशिरा जागा होतो.