‘साधारण किती होतील?’ या प्रश्नाची दोन उत्तरं

मोठ्या घराचं रिवायरिंग बघायला गेलात की चपला काढेपर्यंत हा प्रश्न येतो. नव्या इलेक्ट्रिशियनला वाटतं, आकडा सांगितला नाही तर याला काम येत नाही असं समजतील. मग तो खोल्या मोजतो, मनातल्या मनात गुणाकार करतो आणि एक रक्कम बोलून टाकतो. त्याने दिलेला असतो अंदाज, समोरच्याने ऐकलेलं असतं कोटेशन. दोन महिन्यांनी जी वादावादी होते तिची सुरुवात बहुतेक वेळा इथेच झालेली असते.

अंदाज म्हणजे आत्ता जेवढं दिसतंय त्यावरून बांधलेला आडाखा. तो बदलणार, हे दोघांनाही ठाऊक असायला हवं. म्हणून तो एका आकड्यात सांगू नये, ‘एवढ्यापासून एवढ्यापर्यंत’ असा सांगावा, आणि कशामुळे वर जाईल तेही त्याच दमात सांगावं. कोटेशन म्हणजे ठरलेल्या कामाची ठरलेली रक्कम. ग्राहकाने होकार दिला की व्यवहार पक्का. चार दिवस जास्त लागले तर ते तुमच्या खिशातून, लवकर उरकलं तर फायदाही तुमचा. कागदावर वर ‘एस्टिमेट’ लिहायचं आणि खाली शेवटच्या रुपयापर्यंत नेमकी रक्कम टाकायची, याला मी अंदाज म्हणत नाही. वाचणारा ती रक्कमच लक्षात ठेवतो, वरचा शब्द नाही.

कुठे काय द्यायचं ते घर बघून ठरतं. रिकामं घर असेल, छत उघडं, प्लास्टर उतरवलेलं, तर सरळ कोटेशन द्या, भिण्यासारखं काही नाही. राहतं घर असेल, कपाटं भिंतीला टेकलेली, फॉल्स सीलिंग, नवीनच रंग, तर निम्मं काम तुम्हाला दिसतच नसतं. न दिसणाऱ्या कामाची पक्की किंमत सांगायला फार धाडस लागतं, आणि ते नव्या माणसात नेमकं असतं!

माझ्यातही होतं. सुरुवातीच्या काळात एका दुमजली घराचं पक्कं कोटेशन मी भिंतीतले तारांचे जुने पाईप वापरता येतील असं धरून दिलं होतं. बोर्ड उघडला, पाईप दिसला, समाधान झालं. कामाला लागल्यावर कळलं की बऱ्याच पाईपांत कोपऱ्यावर सिमेंट उतरून घट्ट बसलंय. भिंती फोडाव्या लागल्या आणि नऊ दिवस जास्त गेले. मालकाची काहीच चूक नव्हती, त्याने कोटेशन मागितलं आणि मी दिलं.

तेव्हापासून आकड्याआधी मी एक गोष्ट करतो. सप्लाय बंद करून, बंद असल्याची टेस्टरने खात्री करून, घराच्या वेगवेगळ्या भागातले चार-पाच बोर्ड खोलतो. एका टोकाला मदतनीस, दुसऱ्या टोकाला मी, आणि जुनी तार हळूच पुढे-मागे ओढून बघतो. सरकली तर पाईप मोकळा. जागची हलली नाही तर तिथे नवी खाच, म्हणजे पाईपसाठी भिंतीत कोरायची चर, धरायची. सोबत मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, जुन्या सर्किटचं इन्सुलेशन तपासतो, 500 व्होल्ट डीसीवर, उपकरणं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू काढून ठेवून. 1 मेगाओमच्या खाली आलं तर ती तार ठेवायचा विषयच संपला. नव्या, धड वायरिंगला हे रीडिंग शेकड्यांत येतं, म्हणून जेमतेम 1 वर टिकलेली तारही मी ठेवण्याच्या यादीत घेत नाही. या फेरीला दोन-तीन तास जातात. त्याचे वेगळे पैसे मागायला लाजू नका.

अंदाज आणि कोटेशन यांचा दुसरा फरक मोजमापात आहे. अंदाजाला पॉइंट, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट यांच्या जागा, मोजले की भागतं. कोटेशनला पॉइंट पुरत नाहीत, कारण सगळे पॉइंट सारखे नसतात. जिन्यावरचा दिवा घ्या. यादीत तो एकच पॉइंट. प्रत्यक्षात खाली एक टू-वे स्विच, वर एक, दोघांमधल्या जादा तारा, आणि एका मजल्याच्या उंचीची खाच. जिन्यात शिडी सपाट उभी राहत नाही, म्हणून परांची बांधा. तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीतले चार सॉकेट होऊन जातात, आणि पॉइंटच्या दराने बिल मात्र एकाचंच.

तारेचंही तसंच. डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांना वीज वाटून देणाऱ्या मुख्य बोर्डापासून, टोकाची खोली नकाशावर 18 मीटरवर दिसते. पाईप भिंतीवरून वर चढतो, छताखालून वळसे घेत जातो, पुन्हा बोर्डापर्यंत खाली उतरतो. 18 चे आरामात 24 होतात. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन सुट्या तारा धरल्या तर 72 मीटर, वर प्रत्येक बोर्डात सोडायची शेपटं वेगळी. हे एका सर्किटचं झालं.

लोडची यादीही कोटेशनच्या आधी हवी. ‘पुढेमागे गाडीचा चार्जर लावू’ हे वाक्य चहा पिता पिता येतं आणि सगळा हिशोब फिरवतं. 7 किलोवॅटचा चार्जर 230 व्होल्टला सुमारे 30 अँपिअर ओढतो, तोही कित्येक तास सलग. त्याला स्वतंत्र सर्किट लागतं, तार जाड लागते, आणि कधी कधी येणारा मेन सप्लायच अपुरा पडतो. ओव्हन, गीझर, एसी, पाण्याचा पंप हे सगळं खोलीवार लिहून घ्या आणि मालकाकडून वाचून घ्या.

मजुरीत नवे लोक एक गोष्ट हमखास विसरतात: राहत्या घरात रोज संध्याकाळी वीज परत चालू करून द्यावी लागते. फ्रिज, एक-दोन दिवे, बाथरूम. उघड्या जोडण्या बंद करणं, तात्पुरती लाइन देणं, तपासणं आणि झाडलोट यात तासभर जातोच. 20 दिवसांच्या कामात हे 20 तास, म्हणजे आठ तासांच्या हिशोबाने अडीच दिवस. अंदाजात हे रेंजमध्ये मुरून जातं, कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ नसेल तर फुकटात जातं. शेवटच्या टेस्टिंगचंही तेच. प्रत्येक सर्किटची अर्थ कंटिन्युइटी (अर्थची तार कुठे तुटलेली नाही ना), इन्सुलेशन, पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना), आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरला आणि वेळेत ट्रिप होतो का, हे सगळं नीट करून लिहून द्यायला मोठ्या घरात एक अख्खा दिवस धरा.

नफ्याच्या बाबतीतही अशीच एक फसवी जोडी आहे, खर्चावरचे टक्के आणि विक्रीतले टक्के, तिच्यासाठी एवढंच: 100 खर्चावर 20 टक्के चढवले की 120 होतात, पण त्या 120 मधला तुमचा वाटा 16.67 टक्केच. विक्रीच्या 20 टक्के हवे असतील तर 100 ला 0.8 ने भागा, 125 येतात.

आता व्यवहारात मी काय देतो? बहुतेक वेळा दोन्ही, एकाच कागदावर, पण वेगळे करून. दिसणारं काम, म्हणजे डीबी, नव्या खाचा, ठरलेले बोर्ड आणि फिटिंग, टेस्टिंग, याची पक्की रक्कम. न दिसणाऱ्यासाठी दर. उदाहरणार्थ: ‘पहिल्या मजल्यावरचे पाईप मोकळे आहेत असं धरलं आहे. बंद निघाल्यास नवीन खाच आणि पाईपचा दर मीटरमागे अमुक. फोडण्याआधी दाखवून परवानगी घेतली जाईल.’ त्याखाली काय धरलेलं नाही तेही लिहायचं: प्लास्टरची भर, रंग, फॉल्स सीलिंगची दुरुस्ती, दिव्यांची खरेदी. खाच बुजवणं म्हणजे भिंत पूर्ववत करणं असं मालक समजतो, आपण समजतो सिमेंट भरणं. शेवटी मुदत टाकायची, कारण तांब्याचा भाव हलला की तारेचा भाव हलतो. सहा महिन्यांनी कोणी तोच कागद घेऊन आलं तर तुम्हाला तोंड उघडायला जागा हवी.

मालक घाई करत असेल आणि पाहणी न करता आकडा हवाच असेल, तर रेंज द्या आणि तिथल्या तिथे मेसेजवर लिहून पाठवा: ‘हा अंदाज आहे, पाहणीनंतर कोटेशन देईन.’ तोंडी सांगितलेल्या रेंजमधला खालचा आकडाच लोकांच्या लक्षात राहतो.

आणि काम सुरू झाल्यावर, तुम्ही खाच मारत असताना, कोणीतरी दारात उभं राहून म्हणेल, ‘इथेच एक सॉकेट वाढवून टाका ना, हातासरशी होईल.’ हे ना अंदाजात आहे, ना कोटेशनमध्ये. हातातलं मशीन बंद करायचं, वहीत तारीख, जागा आणि रक्कम लिहायची, सही घ्यायची, आणि मगच भिंतीला हात लावायचा.