स्टॉपवॉच कामगाराकडून साहेबांकडे

हिंजवडी किंवा बाणेरच्या एखाद्या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षणवर्ग भरतो, तेव्हा वेळेचे नियोजन, कामाची वाटणी आणि नेतृत्व यांविषयी जे सांगितले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उगम कारखान्यात आहे. आणि तिथे तो उपदेश साहेबांसाठी नव्हताच.

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे पुस्तकरूपाने मांडली. त्यांचे गाजलेले उदाहरण बेथलेहेम स्टील या अमेरिकन पोलाद कंपनीतले आहे. सुमारे ९२ पौंडांचा बिडाचा ठोकळा उचलायचा, फळीवरून चढायचे आणि तो रेल्वेच्या वाघिणीत टाकायचा, असे ते काम होते. कधी उचलायचे आणि कधी थांबायचे हे सांगणारा माणूस शेजारी उभा केल्यावर रोजचे माणशी साडेबारा टन साडेसत्तेचाळीसवर गेले, असे टेलर लिहितात. पुढच्या अभ्यासकांनी या हकिकतीवर बऱ्याच शंका घेतल्या आहेत. पण विचार साहेबाने करायचा आणि राबायचे कामगाराने, ही वाटणी मात्र तिने पक्की केली.

हा रोख साहेबांकडे वळवण्याचे मोठे श्रेय व्यवस्थापनावर लिहिणारे विचारवंत पीटर ड्रकर यांचे. आपला वेळ कुठे जातो याबाबत अधिकाऱ्याने आठवणीवर विसंबू नये, प्रत्यक्ष नोंद ठेवावी, असे त्यांनी १९६७ च्या पुस्तकात बजावले. आजही हा सल्ला सर्वांत जास्त ऐकवला जातो आणि बहुधा सर्वांत कमी पाळला जातो.

पुण्यात हे दोन्ही प्रवाह जवळपास एकाच वेळी पोहोचले. राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ मध्ये आणि एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर शेड उभ्या राहू लागल्या, आणि १९६६ मध्ये टाटांचे व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र पुण्यात सुरू झाले. म्हणजे शॉप फ्लोअरवर, प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी, स्टॉपवॉच लावून कामगारांच्या हालचाली मोजल्या जात होत्या, तर शहरात साहेबलोक वर्गात बसून नेतृत्व शिकत होते. या दोन शिकवण्या बराच काळ एकमेकींना भेटल्याच नाहीत, असे मला वाटते.

त्यांची गाठ जपानने घालून दिली. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी तिथल्या उद्योगप्रमुखांना गुणवत्तेची जबाबदारी वरिष्ठांचीच असल्याचे सांगितले होते. टोयोटाचे ताइची ओनो जमिनीवर खडूने गोल आखून अभियंत्याला त्यात उभे करीत आणि समोरच्या कामात काय अडते आहे ते दिसेपर्यंत तिथून हलू देत नसत, अशी हकिकत सांगितली जाते. मासाकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकानंतर कायझेन, म्हणजे सतत छोट्या छोट्या सुधारणा, हा शब्द जगभर पसरला, आणि पुण्याच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांतही तो रुळला. कोणते काम कुठवर आले ते दाखवणारा आयटीवाल्यांचा कानबान बोर्डही मूळचा टोयोटाचाच.

अशा कारखान्यात शिफ्टच्या सुरुवातीला मशीनजवळच्या फळ्यासमोर उभ्यानेच बैठक होते. कालचे रिजेक्शन (नापास झालेले भाग) किती, मशीन का थांबले, उपाय कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, असे रकाने त्यावर असतात. आणि जिथे ही पद्धत मनापासून चालते, तिथे जबाबदारीच्या रकान्यात ऑपरेटरच्या नावाखाली प्लांट हेडचेही नाव लिहिलेले असते.