रणगाड्याच्या आतून किती दिसते?

रणगाड्यात बसलेल्या सैनिकांना हल्ली पोलादाच्या आरपार दिसते, असे सांगणारी एक चित्रफीत बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. पोलादातून प्रकाश जात नाही. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये जोडून शिरस्त्राणातील पडद्यावर दाखवणारी यंत्रणा तयार झाली आहे, एवढेच त्यातले तथ्य; आणि भिंगावर चिखल बसला की तो चमत्कारही आटोपतो. रणगाड्यांत आजही भरवशाचा असतो तो साधा पेरिस्कोप, म्हणजे दोन आरशांच्या मदतीने आडोशामागून बाहेरचे दाखवणारी नळी.

पहिल्या महायुद्धातील रणगाड्यांना बाहेर पाहण्यासाठी मुख्यतः फटी होत्या. फटीच्या काठावर गोळी आपटली की तप्त धातूचे कण आत उडत, म्हणून सैनिक कड्यांची जाळी लावलेले मुखवटे घालत. पेरिस्कोपात प्रकाश दोनदा काटकोनात वळतो, त्यामुळे डोळा गोळीच्या सरळ रेषेत येत नाही. पुढे पोलिश अभियंता रुडॉल्फ गुंडलाख यांनी १९३६ मध्ये पेटंट घेतलेल्या फिरत्या पेरिस्कोपामुळे कमांडरला जागेवरून न हलता मागचेही दिसू लागले.

मला मात्र यातली काच अधिक मोहवते. पेरिस्कोपची नळी पोकळ न ठेवता काचेने भरली, तर बडोद्याच्या नवलखी वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पाण्याखालची पायरी जशी वर आल्यासारखी भासते, तशी समोरची खिडकी डोळ्याजवळ सरकल्यासारखी भासते. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश तीत शिरताना किती वळतो याचे माप) १.५ धरल्यास ३० सेंटिमीटरचा मार्ग २० सेंटिमीटरचाच वाटतो. खिडकी १५ सेंटिमीटर रुंद आणि डोळा ५ सेंटिमीटर मागे असेल, तर पोकळ नळीतून सुमारे २४ अंशांचे आणि भरीव काचेतून सुमारे ३३ अंशांचे दृश्य मिळते. शिवाय काचेच्या आतून ४२ अंशांहून अधिक तिरका पडणारा किरण बाहेर निसटत नाही. येथे तो ४५ अंशांनी पडतो, त्यामुळे आरशाला लागणारा मुलामाही सैद्धांतिकदृष्ट्या अनावश्यक ठरतो.

उंचीच्या दिशेने मात्र खिडकी अगदी अरुंद असते. अडीच मीटर उंचीवरून १५ अंशच खाली पाहता येत असेल, तर रणगाड्याभोवतीची सुमारे ९ मीटर जमीन दिसतच नाही. शहरातील लढाईत सोबत पायदळ लागते ते याचसाठी, आणि कमांडर झाकण उघडून डोके बाहेर काढतात तेही याचसाठी. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायली रणगाडा कमांडरांनी या सवयीची जबर किंमत मोजली.