लोण्यातले पाणी आणि सिलिकाचे गोळे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लोणी कढत असले की तडतड ऐकू यायची. आजी म्हणायची, "पाणी बोलतंय अजून, घाई करू नकोस." बाजारच्या लोण्यातही साधारण १६ टक्के पाणी असते, घरच्यात जास्तच. सायीत पाण्यात स्निग्धाचे थेंब असतात. घुसळले की मांडणी उलटते आणि स्निग्धात पाण्याचे थेंब अडकतात. सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचे, बारीक, गोल कण करायच्या एका रीतीत हीच उलटी मांडणी लागते.

कच्चा माल स्वस्त: सोडियम सिलिकेट. वाळू आणि सोडा एकत्र वितळवून ते बनते, कपड्यांच्या साबणातही घालतात. त्याच्या द्रावणात नुसते अम्ल ओतले, तर सिलिका साकळते. दूध नासल्यासारख्या गुठळ्या. त्या दळल्या तरी कण टोकदार आणि वेडेवाकडे.

म्हणून द्रावण तेलात, म्हणजे केरोसीन किंवा सायक्लोहेक्झेनमध्ये, जोरात ढवळून थेंब करतात. सोबत साबणाच्या जातीचे द्रव्य असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. तेलात थेंब विखुरलेल्या अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. अम्लाचेही असेच वेगळे इमल्शन करून दोन्ही मिसळतात. थेंब आदळतात, एक होतात. आत सिलिकेट आणि अम्लातून बनलेल्या सिलिसिक अम्लाचे रेणू पाणी सोडत एकमेकांना जोडले जातात आणि थेंब घट्ट होतो. पृष्ठताणामुळे तो आधीच गोल असतो. म्हणजे सिलिका अम्लामुळे होते, पण गोलाई तेलामुळे मिळते!

खरी कसरत इथेच आहे. थेंब जुळले नाहीत तर काहीच घडत नाही, फार जुळले तर मोठाले गोळे होतात. ढवळण्याचा वेग वाढवला की थेंब लहान होतात. पुढे धुऊन वाळवतानाही, पाणी उडता उडता शेजारच्या कणांना जवळ ओढते आणि सगळे पुन्हा चिकटू पाहतात.

एकसारख्या आकाराचे कण हवे असतील तर १९६८ साली श्ट्योबर, फिंक आणि बोन या संशोधकांनी दिलेली अल्कोहोल-अमोनियाची रीत सरस, पण तिचा कच्चा माल महाग. मौल्यवान ओपल या रत्नात निसर्गाने असेच समान गोळे रांगेत रचलेले असतात, म्हणून तो रंग फेकतो. इमल्शनमधले गोळे लहानमोठे, त्यांना ती झळाळी येणार नाही. पण चेहऱ्याच्या पावडरीत ते बोटांखाली घरंगळतात, तिथे गोल असले की पुरते.