तेलभूमीचे छायाचित्रण

खनिज तेलाचा उपसा, शुद्धीकरण, वाहतूक आणि वापर यांमुळे रूप पालटलेल्या भूप्रदेशाचे छायाचित्रण. ही निसर्गचित्रणाचीच एक शाखा मानली जाते. तिची मुख्य अडचण अशी की, तेल सहसा दिसतच नाही. ते विहिरीतून नळात आणि टाकीतून इंजिनात जाते. छायाचित्रकाराच्या हाती लागतात त्या त्याच्या खुणा.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, टायटसव्हिलजवळ २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले. त्या धामधुमीत मूळचा इंग्रज असलेला जॉन मॅदर (१८२९–१९१५) तेथे छायाचित्रकार म्हणून स्थायिक झाला. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच चित्र टिपून धुवावे लागे. म्हणून त्याने ऑइल क्रीक या नदीवर एका बोटीतच अंधारखोली थाटली. झाडे तोडून बोडके केलेले उतार, दाटीवाटीने उभे लाकडी मनोरे, चिखल, पिंपे: हे सारे त्याने टिपले ते तक्रार म्हणून नव्हे. गावाला त्या भरभराटीचा अभिमानच होता. ती दरी आज पुन्हा झाडीने भरली आहे; तेव्हाची नासधूस पाहायची तर हीच कौतुकाची छायाचित्रे पाहावी लागतात. त्याच्या हजारो काचा १८९२ च्या पुरात आणि आगीत गेल्या.

१९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधील सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो याने तेथे काढलेल्या कृष्णधवल चित्रांत वाळवंट जवळजवळ उरतच नाही. धूर आणि तेलाने नखशिखांत माखलेली माणसे तेवढी दिसतात.

कॅनडाचा छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की (जन्म १९५५) याने मात्र तेलाचा माग शेवटपर्यंत काढला. त्याची ‘ऑइल’ ही मालिका २००९ मध्ये प्रदर्शित झाली. तीत कॅलिफोर्नियातील क्षितिजापर्यंत पसरलेले पंप आहेत, अझरबैजानमधील बाकूची गंजलेली तेलक्षेत्रे आहेत आणि बांगलादेशातील चितगावच्या किनाऱ्यावर तोडली जाणारी जहाजेही. कॅलिफोर्नियातीलच वेस्टली येथील जुन्या टायरांचा डोंगर त्याने १९९९ मध्ये टिपला. त्याच वर्षी वीज पडून त्या साठ्याला आग लागली.

ही चित्रे फार देखणी आहेत, हाच त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप, आणि तो पोकळ नाही. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील तेलवाळूच्या (डांबरासारखे घट्ट तेल मिसळलेल्या वाळूच्या) खाणींत विषारी गाळपाण्याचे अफाट तलाव साठवतात. वरून पाहता ते चकाकणारे सरोवरच वाटते. २००८ मध्ये अशाच एका तलावात उतरलेली सोळाशेहून अधिक बदके मेली. चित्र पाहणाऱ्याचीही तशीच फसगत होऊ शकते. खाणीचा मालक कोण, तेथे राबते कोण, खालच्या अंगाला कोणाची वस्ती आहे, हे उंचावरून घेतलेल्या चित्रात येत नाही. ते चित्राखालच्या मजकुरातच द्यावे लागते.